शिवता शिवता बॉबिन भरणे : टेबलावरच्या वाइंडरची निवड, बसवणी आणि वापर

शिलाई मशीनचा टाका दोन दोऱ्यांनी बनतो. वरचा दोरा रिळावरून किंवा कोनवरून (शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळावरून) येऊन सुईबरोबर कापडाखाली जातो, खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला असतो, आणि शटल वरच्या दोऱ्याचा फास बॉबिनभोवती फिरवून दोन्ही दोऱ्यांची आढी कापडाच्या जाडीत बसवते. इलायस हाउ यांनी १८४६ साली अमेरिकेत ज्या मशीनचे पेटंट घेतले, तिच्यातही हेच तत्त्व होते आणि आजही ते बदललेले नाही. त्याबरोबर आलेली अडचणही तशीच आहे. वरचा दोरा हजारो मीटरच्या कोनवरून घेता येतो, खालचा मात्र शटलच्या पोटात मावेल एवढ्या बॉबिनवरच बसवावा लागतो, आणि म्हणून तो पुन्हा पुन्हा संपतो.

बॉबिन संपली की नवशिके लोक काम थांबवतात, सुईतला दोरा काढतात, रीळ हलवतात, बॉबिन भरतात, पुन्हा सगळे ओवतात आणि मग राहिलेली टीप पुरी करतात. यात वेळ जातो, आणि लांब शिवणीच्या मध्येच हाताची लय तुटल्यामुळे टीप वाकडी होण्याचा संभवही असतो. शिवणे चालू असतानाच दुसरी बॉबिन भरून तयार ठेवणारे साधन यासाठीच असते. बाजारात त्याला बॉबिन वाइंडर किंवा नुसते ‘वाइंडर’ म्हणतात. ते स्वस्त आणि साधे असते, आणि नीट बसवले तर वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. मात्र ते जसे भरील तसाच खालचा टाका पडणार असल्यामुळे, वाइंडर घेण्यापेक्षा तो नीट लावण्याला अधिक महत्त्व आहे. या लेखाचा भर त्यावरच आहे.

आधी आपली मशीन ओळखावी

सर्व मशीनना एकच वाइंडर चालत नाही, आणि दुकानात गेल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा घरीच पाहून घेतलेले बरे.

शिंप्यांच्या वापरातली जड ‘अंब्रेला’ मशीन आणि टेबलाखाली मोटर असलेली, पट्ट्यावर चालणारी कारखानी मशीन (जिला बाजारात कंपनी कोणतीही असली तरी सरसकट ‘जुकी’ म्हटले जाते) यांना टेबलावर बसवायचा वाइंडर चालतो. त्याचे लहानसे चाक मशीनच्या पट्ट्यावर टेकते आणि पट्टा फिरला की तेही फिरते. त्याला वेगळी वीज लागत नाही.

नव्या कारखानी मशीनमध्ये बहुधा वाइंडर मशीनच्या माथ्यावरच, उजव्या बाजूला, बसवलेला असतो आणि तो आतल्या मुख्य दांड्यावर चालतो. ज्या मशीनची मोटर थेट हँडव्हीलच्या (उजवीकडच्या, हाताने फिरवायच्या चाकाच्या) जागी बसवलेली असते, तिला पट्टाच नसतो. तिच्यासाठी टेबलावरचा वाइंडर विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. अशा मशीनवर माथ्यावरचाच वाइंडर वापरावा. दोरा ओवणे, ताण आणि भरण्याचे प्रमाण यांविषयी पुढे जे सांगितले आहे ते त्यालाही तसेच्या तसे लागू आहे.

घरगुती काळ्या पायमशीनवर वाइंडर हँडव्हीलजवळ असतो आणि त्याची रबरी कडी हँडव्हीलच्या कडेवर घासून फिरते. हिच्यावर बॉबिन भरताना हँडव्हीलच्या मधली गोल चकती सैल करून सुई थांबवायची, असे सर्वांना शिकवले जाते, आणि नुसती बॉबिन भरायची असेल तेव्हा ते बरोबरच आहे. पण ती चकती घट्ट ठेवली तर शिवणेही चालू राहते आणि बॉबिनही भरते. त्यासाठी वरच्या खिळीवर शिवण्याचा दोरा ठेवावा आणि बॉबिनसाठीचे दुसरे रीळ खालच्या पाटावरच्या खिळीवर लावून त्याचा दोरा तिथल्या छोट्या ताणचकत्यांतून वाइंडरकडे न्यावा. अनेक घरांत ही खालची खिळी वर्षानुवर्षे रिकामीच असते, कारण ती कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलेच नसते.

प्लास्टिकच्या आवरणातील विजेवरच्या घरगुती मशीनमध्ये पट्टा आत झाकलेला असतो आणि बॉबिन भरायची दांडी उजवीकडे सरकवली की सुई बहुधा आपोआप थांबते. त्यामुळे तिच्यावर दोन्ही कामे एकदम होत नाहीत. अशा मशीनसाठी स्वतःची छोटी मोटर असलेला, सेलवर किंवा अडॅप्टरवर चालणारा सुटा वाइंडर मिळतो. तो शेजारी ठेवून द्यावा, बॉबिन लावून बटण दाबावे आणि आपण शिवत राहावे. भरतकामाच्या काही महागड्या मशीनमध्ये तर बॉबिन भरण्यासाठी आतच निराळी मोटर दिलेली असते, कारण एकेका नक्षीला बराच वेळ लागतो आणि मध्ये थांबणे परवडत नाही.

येथून पुढे मुख्यतः पट्ट्यावर चालणाऱ्या, टेबलावर बसवायच्या वाइंडरचा विचार केला आहे.

खरेदी करताना

दुकानात जाताना आपल्या मशीनची एक रिकामी बॉबिन बरोबर न्यावी. कारखानी मशीनची सामान्य बॉबिन सुमारे २१ मिलिमीटर व्यासाची आणि ९ मिलिमीटर उंचीची असते. घरगुती काळ्या मशीनची सुमारे २० मिलिमीटर व्यासाची असली तरी उंचीला साधारण ११.५ मिलिमीटर असते. दोन्ही हातात घेतल्यावर सारख्याच वाटतात, पण एकीची बॉबिन दुसरीच्या केसमध्ये, म्हणजे बॉबिन ज्या धातूच्या डबीत घालून शटलमध्ये बसवतात तिच्यात, बसत नाही. आपली बॉबिन वाइंडरच्या काडीवर सरकवून पाहावी. ती हलक्या दाबाने आत गेली पाहिजे आणि बोटाने फिरवल्यावर काडीसकट फिरली पाहिजे. काडीवर एक बारीक स्प्रिंग असते, ती बॉबिनला आतून धरून ठेवते. ही पकड सैल असेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

चाक फिरवून पाहावे. ते डगमगता कामा नये. ताणचकत्यांची जोडी आणि तिची स्प्रिंग जागेवर आहे ना, हे पाहावे. खटका हाताने दाबून सोडून पाहावा. तो स्पष्ट आवाज करून सुटला पाहिजे. बॉबिन भरली की हाच खटका चाकाला पट्ट्यापासून दूर करतो, आणि तो ढिला असेल तर आपण शिवण्यात गुंग असताना दोरा बॉबिनच्या कडेवरून सांडून काडीभोवती गुंडाळला जातो.

त्याच फेरीत निदान दहाएक बॉबिनही घ्याव्यात. शिवताना बॉबिन भरण्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा भरायला रिकामी बॉबिन हाताशी असते. धातूच्या बॉबिनची कड नखाने तपासावी. कुठे चीर किंवा खरवड लागली तर ती बॉबिन बाजूला ठेवावी, कारण तिथे दोरा अडकून तुटतो.

टेबलावर बसवणे

प्रथम मोटरचे बटण बंद करून प्लग काढावा. जुन्या क्लच मोटरचे बटण बंद केल्यावरही ती काही वेळ फिरत राहते, म्हणून बटण बंद केल्यावर पायडल दाबून ती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच पट्ट्याजवळ हात न्यावा.

वाइंडर मशीनच्या उजव्या अंगाला, जिथे पट्टा टेबलातून वर येऊन हँडव्हीलकडे जातो, तिथे त्याच्या समोर ठेवावा. वाइंडरचे चाक पट्ट्याच्या अगदी सरळ रेषेत यायला हवे. ते तिरपे बसले तर पट्ट्याची एकच कड घासली जाते, पट्टा लवकर झिजतो आणि चाक घसरते. जागा ठरवण्यासाठी वाइंडरची तरफ दाबून तो ‘भरण्याच्या’ स्थितीत आणावा, चाक पट्ट्याला जेमतेम टेकेल इतके पुढे सरकवावे, आणि त्याच स्थितीत तळातल्या भोकांतून पेन्सिलने खुणा कराव्यात. नंतर तरफ सोडून पाहावे. सुटलेल्या स्थितीत चाक आणि पट्टा यांच्यात बोटाच्या पेराइतकी नाही, तरी काही मिलिमीटरची स्वच्छ फट दिसली पाहिजे.

खुणांवर आधी बारीक भोक पाडावे आणि मग स्क्रू पिळावेत. ड्रिल नसेल तर सुताराचे गिरमिट पुरते. टेबलाची फळी प्लायवूडची असते आणि सरळ स्क्रू ठोकला तर तिचे पापुद्रे सुटतात. वाइंडरच्या तळातली भोके लांबट असतात, ती मागे-पुढे सरकवता यावे म्हणून. म्हणून स्क्रू प्रथम अर्धे घट्ट करावेत, मशीन हाताने फिरवून चाक पट्ट्याबरोबर फिरते का ते पाहावे, आणि मगच ते पूर्ण आवळावेत. चाक पट्ट्यावर जोराने दाबून बसवण्याचा मोह टाळावा. तसे केल्याने मशीन जड होते, आणि पायमशीनवर तो जडपणा पायाला लगेच जाणवतो.

दोरा लावणे

दोऱ्याच्या स्टँडवर दोन कोन ठेवावेत, एक शिवण्यासाठी आणि एक बॉबिनसाठी. प्रत्येक कोनच्या बरोबर वर स्टँडची कडी असली पाहिजे, म्हणजे दोरा सरळ वर उचलला जातो. बॉबिनचा दोरा शिवण्याच्या दोऱ्यापेक्षा जाड नसावा. नेहमीच्या कामात दोन्ही एकाच जातीचे आणि जाडीचे ठेवावेत.

कडीतून आलेला दोरा वाइंडरच्या मार्गदर्शक भोकातून घ्यावा आणि दोन ताणचकत्यांच्या मधून ओढून घ्यावा. चकत्यांच्या मधून म्हणजे खरोखर त्यांच्यामध्ये. दोरा वरवर टेकून राहिला तर बॉबिन पोकळ भरते, आणि नवशिक्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट हीच आहे. हाताने दोरा ओढून पाहावा. किंचित, एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. मग रिकामी बॉबिन काडीवर शेवटपर्यंत दाबावी, दोऱ्याचे टोक ती ज्या दिशेने फिरणार आहे त्या दिशेने चार-पाच वेळा हाताने गुंडाळावे, बाहेर लोंबणारे टोक कापून टाकावे आणि तरफ दाबून चाक पट्ट्याला लावावे. यानंतर पायडल दाबून शिवायला लागावे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कारखान्यात किंवा घरात मशीनजवळ पंखा अथवा कूलर असतो, आणि स्टँडवरून वाइंडरकडे येणारा दोरा ढिला असेल तर वाऱ्याने उडून हँडव्हीलमध्ये गुंडाळला जाऊ शकतो. वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहून मशीन किंवा पंखा वळवावा. तसेच साडीचा पदर, ओढणी आणि मोकळे केस पट्ट्यापासून दूर राहतील अशी आधीच व्यवस्था करावी. वाइंडर लावल्यावर आपला उजवा हात पट्ट्याच्या बाजूला पूर्वीपेक्षा जास्त वेळा जातो, म्हणून पदर खोचून बसण्याची सवय येथे खरोखर उपयोगाची आहे.

किती वेळात भरते

बॉबिन भरून होण्याआधी खालची संपली तर काय, अशी शंका नवीन माणसाला येते. थोडा हिशेब केला तर ती राहत नाही. मशीनच्या एका फेरीला एक टाका पडतो. टाका २.५ मिलिमीटरचा धरला तर त्याला खालचा दोरा साधारण ३ मिलिमीटर लागतो. कापड जाड असेल तर थोडा अधिक. उलट, वाइंडरवरची बॉबिन एका फेरीत सरासरी सुमारे ४० मिलिमीटर दोरा गुंडाळते, आणि वाइंडरचे चाक हँडव्हीलपेक्षा लहान असल्यामुळे मशीनच्या एका फेरीत ते एकापेक्षा अधिक वेळा फिरते. म्हणजे एक बॉबिन संपेपर्यंत तशा डझनभर तरी भरून होऊ शकतात.

यावरून दोन गोष्टी ठरतात. वाइंडर सतत चालू ठेवायचा नसतो. नवी बॉबिन केसमध्ये घातली की लगेच एक रिकामी बॉबिन वाइंडरवर लावावी, ती थोड्याच शिवणीत भरते आणि खटका सुटून चाक मोकळे होते. दुसरे असे की ती कोणत्या शिवणीवर भरायची हे निवडणे आपल्या हाती राहते. परकराचे उभे जोड, उशीचे अभ्रे, पडद्यांच्या कडा अशा लांब आणि सरळ टिपांवर बॉबिन भरावी. ब्लाउजचा गळा, बाहीचा गोलवा किंवा कॉलरची टोके शिवताना वाइंडर लावू नये. तिथे आपण क्षणोक्षणी थांबतो, आणि मशीन थांबली की फिरती बॉबिन लगेच थांबत नाही, त्यामुळे दोरा सैल पडतो आणि त्या जागी थर पोकळ बसतो. ताणचकत्यांची पकड ठीक असेल तर हा दोष पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

साडीला फॉल लावणाऱ्यांना या साधनाचा लाभ सर्वांत आधी दिसतो. प्रत्येक साडीचा रंग निराळा, म्हणून प्रत्येक साडीला बॉबिन निराळी. हिरव्या साडीच्या फॉलची सरळ कड मशीनवर मारत असतानाच पुढच्या जांभळ्या साडीची बॉबिन शेजारी भरली जाते, आणि साडी बदलताना फक्त केस काढून बॉबिन बदलायची आणि सुईत नवा दोरा ओवायचा एवढेच उरते. सोलापुरासारख्या ठिकाणी शाळेचे गणवेश मोठ्या संख्येने शिवले जातात. तिथे रंग एकच असतो पण नग शेकड्यांनी असतात, त्यामुळे तिथे हेच साधन वेगळ्या कारणाने, केवळ न थांबण्यासाठी, लागते.

भरलेली बॉबिन कशी ओळखावी

चांगली बॉबिन पाहताच कळते. दोऱ्याचे थर सपाट आणि कडेला समांतर असतात, मधे फुगवटा नसतो, आणि नखाने दाबले तर दोरा आत जात नाही. कडेच्या काठापर्यंत भरू नये. सुमारे ८० टक्के भरली की पुरे. त्याहून जास्त भरलेली बॉबिन केसमध्ये घासते, आणि सुरुवातीचे टाके ओढलेले पडतात. भरण्याचे प्रमाण खटक्याजवळच्या लहान स्क्रूने कमी-जास्त करता येते. स्क्रू थोडासाच फिरवावा, एक बॉबिन भरून पाहावी, मग पुन्हा ठरवावे.

दोरा एकाच बाजूला चढत असेल तर ताणचकत्या धरणाऱ्या पट्टीचा स्क्रू सैल करून ती पट्टी दोरा कमी असलेल्या बाजूकडे जराशी सरकवावी. चकत्यांचा मध्य बॉबिनच्या मध्याच्या रेषेत आला की दोरा आपोआप दोन्हीकडे सारखा पसरतो. (लांबट बॉबिनच्या फार जुन्या मशीनमध्ये हे काम हृदयाच्या आकाराचा एक फिरता तुकडा करत असे, तो दोऱ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन आणत असे. गोल बॉबिन बुटकी असल्यामुळे तिला त्याची गरज पडत नाही.)

बॉबिन भुसभुशीत भरली असेल तर ताणाचा स्क्रू किंचित आवळावा. पण ताण वाढवताना विशेष जपावे. पॉलिस्टरचा दोरा थोडा ताणला जातो. फार आवळून भरलेला दोरा शिवल्यानंतर मूळ लांबीवर येऊ पाहतो, आणि पातळ कापडावर शिवणीला चुण्या पडतात. मग आपण वरचा ताण सैल करतो, खालच्या केसचा स्क्रू फिरवतो आणि दोष मात्र बॉबिनमध्येच राहतो. प्लास्टिकची बॉबिन तर अति ताणाने फुगून केसमध्ये अडकू शकते. म्हणूनच खालचा टाका बिघडला की केसच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी दुसरी, नीट भरलेली बॉबिन घालून पाहावी. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच टीप सुधारते.

अर्धवट उरलेल्या दोऱ्यावर दुसरा रंग कधीही गुंडाळू नये. खालचा दोरा निसटून दोन थर एकमेकांत गुंततात आणि शिवणीच्या मध्ये बॉबिन अडते. उरलेला दोरा काढून टाकावा किंवा ती बॉबिन तशीच राखून हातशिलाईला वापरावी.

कापड नसताना भरायची झाल्यास

दिवसाच्या सुरुवातीला चार-पाच बॉबिन एकदम भरून ठेवायच्या असतात, तेव्हा मशीन रिकामी चालवावी लागते. अशा वेळी प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून ठेवावा, नाहीतर खालचे दाते त्याच्या तळाला घासत राहतात आणि दोन्ही झिजतात. सुईतला आणि दोरा उचलणाऱ्या तरफेतला दोरा काढावा आणि शटलमधली बॉबिन केससकट बाहेर घ्यावी. हे न केल्यास वरचा दोरा शटलमध्ये खेचला जाऊन त्याचा गुंता होतो, आणि तो काढायला बॉबिन भरण्यापेक्षा किती तरी जास्त वेळ लागतो.

देखभाल

वाइंडरला फार काही लागत नाही. ताणचकत्यांमध्ये दोऱ्याचा भुगा साचतो आणि ताण बदलतो, म्हणून आठवड्यातून एकदा चकत्यांच्या मधून कापडाची पातळ पट्टी फिरवावी. काडी जिथे फिरते तिथे मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तेल चाकाच्या कडेला किंवा पट्ट्याला लागू देऊ नये, कारण तेलकट चाक घसरते. घसरणारे चाक आधी कोरड्या फडक्याने पुसावे. तरीही घसरत असेल तर तळाचे स्क्रू सैल करून वाइंडर जरासा पट्ट्याकडे सरकवावा. घरगुती मशीनच्या वाइंडरची रबरी कडी काही वर्षांनी कडक होऊन गुळगुळीत होते. ती मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात अगदी कमी किमतीत मिळते आणि हातानेच बदलता येते.

पट्टा नवा घातला किंवा जुना कापून आवळला की त्याची रेषा थोडी बदलते, आणि वाइंडरचे चाक कधी दूर राहते तर कधी सुटलेल्या स्थितीतही घासत राहते. म्हणून पट्ट्याचे काम झाल्यावर मशीन हाताने दोन-तीन वेळा फिरवून ती फट पुन्हा तपासावी, आणि लागली तर नव्या पट्ट्यानुसार वाइंडर सरकवून घ्यावा.